स्टेडियम, अरीना आणि प्रदर्शन मैदानं वस्तीच्या कामी कशी येतील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठं स्टेडियम किंवा प्रदर्शन केंद्र शेजारी असलं की काही प्रश्न ठरलेले असतात: हे एरवी बंद का, आम्हाला आत का सोडत नाहीत, याचा खर्च कोण भरतं. असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझा कल आधीच सांगून टाकतो. मधल्या भव्य मैदानापेक्षा कडेच्या खोल्या, वाटा आणि फाटकं यांच्याकडे आधी बघावं, असं मला वाटतं. पुढच्या उत्तरांत हे मत अधूनमधून डोकावेल.

एवढी मोठी जागा वर्षातला बराच काळ रिकामी का राहते?

कारण ती गर्दीच्या मोजक्या तासांसाठी बांधलेली असते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला फुटबॉल संघ एका हंगामात घरच्या मैदानावर लीगचे १९ सामने खेळतो. चषक स्पर्धा आणि उन्हाळ्यातल्या मैफली धरल्या तरी वर्षातले बहुतेक दिवस खुर्च्या रिकाम्याच. ऑलिंपिकसाठी बांधलेल्या वास्तूंची गत याहून अवघड, कारण स्पर्धा दोन-अडीच आठवडे चालते आणि इमारत पन्नास वर्षं टिकते.

पण रिकामं असणं वेगळं आणि बंद असणं वेगळं. साठ हजार खुर्च्या रोज भरणार नाहीत, त्याचं दुःख करण्यात अर्थ नाही. गॅलरीखाली मात्र कपडे बदलायच्या खोल्या, सभागृहं, स्वयंपाकघरं, दवाखान्याच्या खोल्या, गोदामं आणि भरपूर स्वच्छतागृहं असतात. पहारेकरी, विमा, लिफ्टची देखभाल हा खर्च ती वापरली नाहीत तरी सुटत नाही.

हा पुनर्वापराचा विचार अलीकडचा आहे का?

मुळीच नाही. फ्रान्समधल्या आर्ल शहरातलं रोमन अँफिथिएटर (चारी बाजूंनी पायऱ्यांची आसनं असलेलं उघडं क्रीडागृह) मध्ययुगात चक्क तटबंदीचं गाव झालं होतं. आत दोनशेच्या वर घरं आणि दोन चॅपेल, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं, होती. १९व्या शतकात घरं हटवून ते पुन्हा खेळासाठी मोकळं केलं गेलं. इटलीतल्या लुक्का गावात अँफिथिएटरच्या भिंतींना टेकून घरं उभी राहिली आणि आतला लंबवर्तुळाकार चौक आजही वापरात आहे. रोममधला पियाझा नाव्होना हा चौक तर डोमिशियन बादशहाच्या स्टेडियमच्या जागेवरच आहे. ती घरं कोणत्याही समितीने आखलेली नव्हती. लोकांना भिंती आयत्या मिळाल्या आणि आत शिरायला कोणी अडवलं नाही, एवढंच.

अलीकडच्या काळात हे नीट कुठे जमलं?

तीन ठिकाणं सांगतो, कारण तिघांची वाट वेगळी आहे.

पहिलं कॅनडातलं रिचमंड ऑलिंपिक ओव्हल. व्हँकुव्हरच्या २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये इथे स्पीड स्केटिंग झालं. इमारत रिचमंड शहराची होती आणि स्पर्धेनंतर तिथे काय असणार हे नकाशा काढतानाच ठरलं होतं. खेळ संपल्यावर बर्फाचा मोठा ट्रॅक काढला गेला. त्याच छपराखाली बर्फाची दोन छोटी मैदानं, बास्केटबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांची कोर्टं, धावपट्टी आणि व्यायामशाळा आली. म्हणजे शहराने आपल्याला हवं असलेलं क्रीडाकेंद्र आधी ठरवलं आणि ऑलिंपिक त्यात काही दिवस पाहुणं म्हणून राहून गेलं. माझ्या मते हाच क्रम सगळ्यात शहाणपणाचा.

दुसरं लंडनचं अ‍ॅक्वॅटिक्स सेंटर. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये या जलतरण केंद्रात सुमारे १७,५०० लोक बसत होते. त्यातली बहुतेक आसनं इमारतीच्या दोन्ही बाजूंना तात्पुरत्या पंखांसारखी जोडलेली होती. ती काढून भिंती काचेच्या केल्या, सुमारे २,५०० आसनं ठेवली आणि मार्च २०१४ मध्ये तलाव लोकांना खुला झाला. शुल्क आसपासच्या सार्वजनिक तलावांच्या बरोबरीने ठेवलं गेलं. हा तपशील छोटा वाटतो, पण शेजारच्या वस्तीतली मुलं येणार की नाही, हे वास्तुकलेपेक्षा त्यावर जास्त ठरतं.

तिसरं टोरोंटोतलं मेपल लीफ गार्डन्स. १९३१ साली उघडलेलं हे आइस हॉकीचं अरीना १९९९ मध्ये संघ दुसरीकडे गेल्यावर पडून होतं. पुढे खालच्या मजल्यावर किराणा सामानाचं मोठं दुकान आलं (२०११) आणि वर विद्यापीठाचं क्रीडा संकुल (२०१२), तेही बर्फाच्या मैदानासकट. जुन्या मैदानाच्या मध्यबिंदूची खूण म्हणून दुकानाच्या फरशीवर एक लाल ठिपका आहे. हॉकीच्या भक्तांना शेल्फांच्या मधोमध तो ठिपका बघून काय वाटत असेल ते असो, भर शहरात राहणाऱ्यांना रोज लागणारी गोष्ट त्या इमारतीने दिली.

आणि कुठे फसलं?

अथेन्सचं नाव सगळे घेतात आणि ते रास्तच आहे. २००४ च्या ऑलिंपिकनंतर हेलेनिको या जुन्या विमानतळाच्या आवारातली सॉफ्टबॉल आणि कनू स्लॅलमची (खळाळत्या पाण्यातल्या होडी-शर्यतीची) स्थळं गवतात गेली. ज्या खेळांना देशात खेळाडूच मोजके, त्यांच्यासाठी कायमची स्टेडियमं बांधली होती. ब्राझीलच्या राजधानीतलं माने गारिंशा स्टेडियम २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी सुमारे ७० हजार आसनांचं बांधलं, तेही शहराचा एकही संघ पहिल्या श्रेणीत नसताना. वर्षभरात त्याच्या आवारात शहर बस उभ्या राहू लागल्या आणि काही सरकारी कचेऱ्या आत हलवल्या गेल्या. त्यावर बरंच हसू झालं. मला मात्र कचेऱ्या हलवणं हा त्या सगळ्या प्रकरणातला त्यातल्या त्यात समंजस निर्णय वाटतो.

माँट्रियलची गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायला हवी. १९७६ च्या ऑलिंपिक स्टेडियमचं कर्ज २००६ मध्ये फिटलं, म्हणजे तीस वर्षांनी, आणि त्यासाठी तंबाखूवरच्या कराचा पैसा वापरावा लागला. पण त्याच आवारातल्या सायकल शर्यतीच्या व्हेलोड्रोममध्ये १९९२ साली बायोडोम उघडलं. एका छपराखाली अमेरिका खंडातली वेगवेगळी परिसंस्था, प्राणी आणि झाडं. पांढरा हत्ती म्हणून हिणवलेल्या आवारातही एखादी इमारत अशी मार्गी लागू शकते.

आमच्या शेजारचं स्टेडियम आधीच बांधून झालंय. आता काही करता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. करता येतं, फक्त मैदानापासून सुरुवात करू नका. ‘आम्हाला खेळायला मैदान द्या’ ही मागणी मालकाला नाकारायला सगळ्यात सोपी असते: गवत, पुढचा सामना, विमा, आणि विषय संपला.

कुंपणापासून सुरुवात करा. बहुतेक मोठी स्थळं आपल्या परिसराला पाठ करून उभी असतात. चारी बाजूंनी लांबलचक बंद भिंत, एकच मोठं फाटक, तेही हमरस्त्याकडे. मागच्या बाजूच्या वस्तीला बसथांब्यावर जायचं तर अख्खा वळसा. स्पर्धा नसलेल्या दिवशी आवारातून आरपार जाणारी वाट पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडी ठेवणं, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त लोकांना उपयोगी पडणारा बदल आहे. त्याला बांधकाम लागत नाही, दिवे आणि एक पहारेकरी लागतो.

मग वाहनतळ. शेकडो गाड्यांची जागा आठवड्यातले पाच-सहा दिवस ओस असते. आठवडी बाजार, सायकल शिकण्याची जागा, फिरता दवाखाना, लसीकरणाचं शिबिर हे सगळं सपाट जमिनीवर उद्या सकाळी सुरू होऊ शकतं.

त्यानंतर गॅलरीखालच्या खोल्या. इथे थोडी मेहनत आहे. रस्त्याकडे उघडणारा दरवाजा, स्वतंत्र वीजमीटर आणि आतल्या भागापासून वेगळं कुलूप, या तीन गोष्टी असतील तर एखादी खोली अभ्यासिका, पाळणाघर किंवा ज्येष्ठांचा व्यायामवर्ग होऊ शकते. नसतील तर प्रत्येक वर्गासाठी अख्खं स्टेडियम उघडावं लागतं आणि महिन्याभरात कोणीतरी कंटाळून उपक्रम बंद करतं. आसनांमागून गोल फिरणारी छपराखालची मार्गिका हीसुद्धा चालायला येणाऱ्यांसाठी तयार जागा आहे. पाऊस असो, कडक ऊन असो, तिथे चालता येतं.

हे सगळं रुजलं, मालकाचा विश्वास बसला, की मग मैदानाचं बोला. तेही शाळांच्या आंतरशालेय सामन्यांसारख्या ठरावीक दिवसांसाठी.

मैदानातलं गवत खराब होतं, हे कारण खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. उंच गॅलरींमुळे गवताला ऊन आणि वारा कमी मिळतो, त्यामुळे ते आधीच नाजूक असतं. नव्या स्थळांनी यावर यांत्रिक तोडगे काढले आहेत. २०१९ मध्ये उघडलेल्या लंडनमधल्या टॉटनहॅम क्लबच्या स्टेडियममध्ये नैसर्गिक गवताचं मैदान तीन भागांत सरकून गॅलरीखाली जातं आणि खालचं कृत्रिम मैदान वापरता येतं. हे महागडं काम आहे, जुन्या इमारतीत ते बसवायच्या नादाला लागू नये. शेजारी कृत्रिम पृष्ठभागाचं एक सराव मैदान असेल तर वस्तीसाठी तेच मागा.

बाहेरची माणसं रोज आत आली तर सुरक्षेचं काय?

मोठी स्थळं विभागांत बांधलेली असतात, कारण सामन्याच्या दिवशीही प्रत्येक प्रेक्षक सगळीकडे जाऊ शकत नाही. तेच विभाग रोजच्या वापरासाठी कामी आणायचे. वाचनालयात आलेल्या माणसाला खेळाडूंच्या बोगद्याकडे जाण्याची वाटच नसावी. सामन्याच्या दिवशी वस्तीचे उपक्रम किती तास आधी बंद होणार, हे वर्षाच्या सुरुवातीला छापून दिलं तर वादही टळतात. आग लागल्यास बाहेर पडायच्या वाटा मात्र अग्निशमन विभागाकडून नव्याने तपासून घ्या. हजारो लोकांसाठी आखलेली वाट रोजच्या दिवशी कुलूपबंद असू शकते, आणि खरा धोका तोच.

खर्च कोण करणार?

बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत, ही या विषयातली जुनी रड. उद्घाटनाला फीत कापता येते. नळ दुरुस्तीला कोणी फीत कापत नाही. म्हणून देखभालीचा निधी बांधकामाच्या अंदाजपत्रकातच वेगळा काढायला हवा.

लॉस एंजेलिसचं उदाहरण इथे नेहमी आठवतं. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिथे बहुतांश जुनी स्टेडियमं वापरली आणि आयोजकांकडे नफा उरला. त्यातले ४० टक्के, म्हणजे सुमारे ९.३ कोटी डॉलर, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांच्या खेळासाठी एका प्रतिष्ठानकडे गेले. एलए८४ फाउंडेशन या नावाने ते आजही मैदानं, प्रशिक्षक आणि क्लब यांना अनुदान देतं. इमारत मागे ठेवण्यापेक्षा निधी मागे ठेवणं कधीकधी जास्त कामाचं.

असा निधी नसेल तर मिश्र वापर. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सेंट याकोब पार्क स्टेडियमला जोडून दुकानांचं संकुल आहे आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी घरंही आहेत. दुकानांचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं, सामना असो वा नसो. फक्त एक सावधगिरी: भाड्याच्या मागे लागून सगळ्याच खोल्या उपाहारगृहांना गेल्या की वस्तीला उरतं ते बाहेरून बघणं.

करारात नेमकं काय असावं?

तोंडी आश्वासनं मालक बदलला की संपतात. लॉस एंजेलिसमध्ये २००१ साली स्टेपल्स सेंटर अरीनाच्या शेजारच्या मोठ्या बांधकामासाठी रहिवासी आणि कामगार संघटनांच्या आघाडीने विकासकाशी लेखी करार केला. त्यात उद्यानांसाठी निधी होता, स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य होतं, नव्या घरांपैकी २० टक्के परवडणारी ठेवण्याची अट होती, आणि रहिवाशांच्या गाड्या लावण्याच्या परवान्याची सोयही होती. हा शेवटचा मुद्दा मला फार आवडतो. सामन्याच्या रात्री आपल्याच दारात गाडी लावता न येणं म्हणजे काय, हे शेजारी राहणाऱ्यालाच कळतं, आणि ते करारात आलं याचा अर्थ चर्चेच्या टेबलावर खरे शेजारी बसले होते.

तुमच्या करारात वर्षाला किती तास, कोणत्या खोल्या, किती शुल्क आणि तक्रार कुणाकडे, हे आकड्यांत हवं. ‘शक्य तेव्हा उपलब्ध करून दिलं जाईल’ हे वाक्य दिसलं की ते खोडायला सांगा.

संकटकाळी अशी जागा निवारा म्हणून वापरता येते का?

येते, आणि वापरली जातेच. प्रश्न तयारीचा आहे. २००५ च्या कॅटरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोम या छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये हजारो लोक आश्रयाला आले. छपराचा काही भाग उडाला, वीज गेली, स्वच्छतागृहं निकामी झाली आणि लोकांचे अतोनात हाल झाले. त्यांच्यापैकी अनेकांना पुढे ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या तशाच स्टेडियममध्ये नेलं. तिथे वीज-पाणी होतं आणि भोवती धड चालणारं शहर होतं, म्हणून व्यवस्था लावता आली. केवळ मोठं छप्पर म्हणजे निवारा नव्हे.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत लंडनचं एक्सेल आणि माद्रिदचं इफेमा ही प्रदर्शन केंद्रं रुग्णालयं झाली. साओ पाउलोच्या पाकाएंबू स्टेडियममध्ये मैदानावरच सुमारे २०० खाटांचं तात्पुरतं रुग्णालय उभं राहिलं. प्रदर्शन केंद्रं या कामाला विशेष सोयीची पडतात: सपाट जमीन, मालवाहू गाडी थेट आत, आणि जमिनीखालून हव्या तिथे वीज-पाणी. स्टेडियमच्या पायऱ्यांवर खाट लावता येत नाही.

अथेन्सच्या त्याच ओसाड हेलेनिको आवारात २०१५ नंतर निर्वासितांना ठेवलं गेलं, हे इथे नोंदवायला हवं. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेलं ते वास्तव्य लांबत गेलं आणि राहण्याच्या स्थितीवर सतत टीका झाली. पर्यायी निवारा किती दिवसांसाठी, हे आधी लिहिलेलं नसलं की असं होतं.

त्यापेक्षा पाडून टाकलेलं बरं नाही का?

कधीकधी बरं. सगळ्यात चांगलं म्हणजे मुळात कायमचं न बांधणं. लंडनचं २०१२ चं बास्केटबॉल अरीना खेळांनंतर उतरवूनच ठेवायचं म्हणून उभारलं होतं. पॅरिसने २०२४ च्या ऑलिंपिकसाठी बहुतेक स्थळं जुनी किंवा तात्पुरतीच वापरली. नव्याने बांधलेल्या मोजक्या वास्तूंमध्ये पोर्ट द ला शापेलचं अरीना होतं, आणि त्यात मोठ्या सभागृहासोबत वस्तीसाठी दोन व्यायामशाळा नकाशातच होत्या.

मधला मार्गही आहे. आर्सेनल क्लबने २००६ मध्ये लंडनचं हायबरी मैदान सोडलं, तेव्हा जुन्या देखण्या दर्शनी भिंती ठेवून गॅलरींच्या जागी घरं केली आणि जिथे सामने होत तिथे रहिवाशांची बाग. पण घरं झाल्यावर ती जागा तिथल्या रहिवाशांची झाली, सगळ्या परिसराची राहिली नाही. पाडण्याचा निर्णय घेताना हा फरक लक्षात ठेवावा.

परिसर सुधारला की भाडी वाढून जुन्या लोकांनाच जावं लागतं, त्याचं काय?

ही भीती खरी आहे. कधी तर लोक बांधकामाआधीच हटवले जातात. रिओच्या ऑलिंपिक पार्कला लागून असलेल्या व्हिला ऑटोड्रोमो वस्तीतल्या शेकडो कुटुंबांपैकी शेवटी २० च्या आसपास तिथे टिकली, तीही दीर्घ लढ्यानंतर. लंडनमध्ये खेळाडूंच्या निवासातून झालेल्या २,८१८ घरांपैकी निम्मी परवडणाऱ्या गटात ठेवली. मात्र ‘परवडणारं’ म्हणजे कुणाला, हा वाद तिथेही चालूच राहिला. क्रीडा संकुल उघडण्याआधी भोवतालच्या भाडेकरूंना संरक्षण मिळालं नाही, तर पुढचे सगळे उपक्रम नव्या शेजाऱ्यांसाठी होतात.

जागतिक प्रदर्शनांच्या मैदानांनाही हेच लागू होतं का?

होतं, आणि तिथे मोकळी जमीन जास्त असल्याने संधीही मोठी असते. ब्रिस्बेनच्या १९८८ च्या एक्स्पोनंतर नदीकाठची जमीन व्यापारी विकासाला द्यायचा बेत होता. लोकांनी आवाज उठवला आणि १९९२ मध्ये तिथे साऊथ बँक पार्कलँड्स हे सार्वजनिक उद्यान उघडलं. लिस्बनच्या १९९८ च्या एक्स्पोची जागा आता घरं, कचेऱ्या आणि मत्स्यालय असलेला रीतसर शहरी भाग आहे. दोन्हीकडे प्रदर्शनाच्या मंडपांपेक्षा नदीपर्यंत जायला मिळालेली वाट जास्त टिकाऊ ठरली.

छपरावर सौर पॅनेल लावले की झालं का?

नाही, पण लावायला हरकत नाही. तैवानमधल्या काओश्युंगच्या २००९ च्या स्टेडियमच्या छपरावर सुमारे ८,८०० पॅनेल आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान क्रायुफ अरीनात २०१८ पासून विजेवरच्या मोटारींच्या नव्या-जुन्या बॅटऱ्यांचा ३ मेगावॉटचा साठा आहे आणि तो परिसराच्या वीजजाळ्याला आधार देतो. अशी वीज शेजारच्या वस्तीला स्वस्त मिळणार असेल तर ती वस्तीची सोय. नाहीतर ती मालकाची बचत.

उपक्रम यशस्वी झाला हे कसं ओळखायचं?

वर्षाला किती लाख लोक आले, हा आकडा बाजूला ठेवा. एका मैफलीने तो फुगतो. मोठा कार्यक्रम नसलेल्या कामाच्या दिवशी किती माणसं आली, त्यातली किती चालत आली, आणि तीच माणसं पुन्हा आली का, हे मोजा. बायका आणि मुली संध्याकाळनंतर येतात का, हे वेगळं नोंदवा. दिवे, स्वच्छतागृहं आणि वाट यांतलं काहीतरी बिघडलं असेल तर ते या आकड्यात सगळ्यात आधी दिसतं.

पहिलं पत्र कुणाला लिहायचं आणि त्यात काय मागायचं?

मालकाला लिहा. तो पालिका असेल, क्रीडा संघटना असेल किंवा खासगी कंपनी. चालवणारा वेगळा असेल तर प्रत त्यालाही द्या. तीन कागद मागा: जागा चालवायला देण्याचा करार, गेल्या वर्षाची वापर-दिनदर्शिका आणि वार्षिक देखभालीचा हिशेब. सोबत गॅलरीखालच्या खोल्यांचा नकाशा मिळाला तर उत्तमच. जागा सार्वजनिक पैशातून बांधलेली असेल तर हे कागद माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली मिळू शकतात. ते हाती आल्यावर एका कामाच्या दिवशी, सामना नसताना, नकाशा घेऊन कुंपणाभोवती एक चक्कर मारा आणि बंद असलेल्या प्रत्येक फाटकावर खूण करा.